एसटीतून घाटमाथ्यावर : द्रव्यगुणाची एक उजळणी



गेल्या आश्विनात चार दिवस दवाखाना बंद ठेवून मी आंबोली-चौकुळच्या घाटमाथ्यावर हिंडून आलो. सोबतीला महाविद्यालयातील एक जुना वर्गमित्र होता. तो घाटापलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यात, एक लहानशी औषधनिर्माणशाळा चालवतो. त्रैमासिकाच्या संपादक मंडळींशी गप्पा मारताना या प्रवासाचा विषय निघाला आणि त्यांनी तो लिहून देण्याची आज्ञा केली. माझ्या हातून प्रवासवर्णन साधेल असे मला वाटत नाही. परंतु या चार दिवसांत आम्हा दोघांचीही जी परीक्षा झाली, ती चिकित्सक आणि औषधनिर्माते या दोघांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा प्रपंच.

मूळ बेत आंबोलीचा नव्हताच. तो जावा बेटाचा होता.

वर्गमित्रांच्या एका स्नेहमेळाव्यात कंकोळाचा विषय निघाला. चरकाचार्यांनी दिनचर्या सांगताना मुखात धारण करण्याच्या द्रव्यांत जायफळ आणि लवंगेबरोबर कंकोळही सांगितले आहे. आपण ते कासावर देतो, मूत्रकृच्छ्रावर देतो. देठासकट सुकलेले, मिरीसारखे दिसणारे हे फळ ज्या वेलीचे, ती वेल मूळची जावा-सुमात्रा बेटांवरची. लवंग मोलुक्का बेटांची, जायफळ आणि जायपत्री बांदा बेटांची. (आमच्या सावंतवाडी तालुक्यातही बांदा नावाचे मोठे गाव आहे आणि जिल्ह्यातील नारळ-सुपारीच्या बागायतींत जायफळही आता रुळले आहे, नावाचे साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे.) संहिताकाळापासून आपल्या वैद्यांनी ही द्रव्ये वापरली, ती समुद्रापलीकडून येत राहिली, आणि ती जिथे उगवतात तिथे वैद्याने जाण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. माझ्या मित्राला या गोष्टीने झपाटले. मध्य जाव्यातील डिएंगचे पठार दोन हजार मीटरहून उंच असून त्यावरील लहान देवळांना अर्जुन, भीम अशी महाभारतातील नावे आहेत. लावू पर्वताच्या उतारावर तावांगमांगू येथे तेथील सरकारचे औषधी वनस्पतींचे संशोधन उद्यान आहे. ‘जामू’ या तेथील पारंपरिक औषधविद्येतील हळद-चिंचेचे पेय, तांदूळ आणि चंद्रमुळाचे पेय बायका पाठीवरच्या टोपलीत बाटल्या घेऊन दारोदार विकतात. २०२३ मध्ये या परंपरेचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. अशी माहिती तो मला फोनवर पुरवू लागला. कोणत्याही मंडळात नाव न नोंदवता, स्वतःच्या पैशाने, स्थानिक गाड्यांनी आणि साध्या खानावळींत जेवून दोघांनीच हिंडायचे, अशी त्याची कल्पना. औषधकंपन्यांच्या खर्चाने परदेशी ‘अभ्यासदौरे’ करणाऱ्या आपल्या काही व्यवसायबंधूंविषयी तो जे बोलला, ते येथे लिहिण्याजोगे नाही. तथापि माझे मत फारसे वेगळे नाही.

पारपत्रासाठी अर्ज करण्याच्या सुमारास त्याच्या शाळेतील क्वाथाची मोठी कढई निकामी झाली आणि तिकिटासाठी ठेवलेले पैसे तिकडे गेले. बेत मोडल्याचे कळवताना तो सहज म्हणाला, “कंकोळाची वेल बघायला समुद्र ओलांडणार होतो आपण. तू विडंग कधी झाडावर पाहिलं आहेस का रे?”

मी पाहिले नव्हते.

येथे आमच्या गावाविषयी थोडे सांगणे भाग आहे. शिरोडा हे समुद्रकाठचे गाव. १९३० साली येथे मिठाचा सत्याग्रह झाला, वि. स. खांडेकरांनी येथील शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले, हे वाचकांना ठाऊक असेलच. गावात मिठागरे आहेत. समुद्राचे पाणी आगरात घेतात, उन्हात ते आटते, कडेने पांढरी साय धरते आणि शेवटी फावड्याने मीठ ओढले जाते. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे लवणवर्गातील सामुद्र लवणाविषयी मी रुग्णाशी बोलतो, तेव्हा डोळ्यांपुढे प्रत्यक्ष काहीतरी असते. मित्राच्या त्या प्रश्नानंतर दवाखान्यातील फडताळाकडे पाहत मी मनाशी हिशेब केला. बरण्या पंचाहत्तरच्या आसपास. त्यांपैकी ज्यांचे मूळ झाड, वेल वा क्षुप मी जिवंत, फुलाफळांसह पाहिले आहे, अशा बरण्या वीससुद्धा भरेनात. आणि मी द्रव्यगुणाच्या परीक्षेत विशेष गुण मिळवलेला विद्यार्थी!

म्हणून आंबोली ठरले. एसटी आणि पाय यांखेरीज वाहन वापरायचे नाही, घरगुती खोलीत राहायचे, मिळेल ते खायचे, असे नियम जाव्याच्या बेतातून तसेच उचलले.

आणखी एक कारण होते, आणि ते लिहिल्यावाचून पुढचा मजकूर समजणार नाही. आम्हा दोघांत दोन वर्षांची अढी होती. त्याच्या शाळेतील अशोकारिष्ट मी अनेक वर्षे रक्तप्रदरात वापरत असे. एका खेपेच्या बाटल्यांनंतर दोन-तीन रुग्णांत नेहमीचा गुण येईना. मी त्याला एक कोरडे पत्र पाठवले. साल आसुपालवाची असावी, अशी शंका त्यात व्यक्त केली आणि मागणी दुसरीकडे वळवली. त्याने उत्तर दिले नाही. मेळाव्यात भेटलो, कंकोळावर तासभर बोललो, परंतु त्या पत्राचा उल्लेख दोघांनीही टाळला.

पहिल्या दिवशी पहाटेच्या गाडीने शिरोड्याहून सावंतवाडी गाठली आणि तेथून आंबोलीची गाडी धरली. दाणोली मागे पडले की रस्ता चढू लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस समुद्रसपाटीवरून जवळपास सातशे मीटर उंचीवर येतो. कान दडपतात, खिडकीतून धुके आत येते. मित्र आजऱ्याच्या बाजूने आला. आंबोलीच्या थांब्यावर आम्ही भेटलो, तेव्हा त्याच्या खांद्यावर एक जुनी कापडी पिशवी होती आणि ती तो चारही दिवस स्वतःपासून दूर ठेवत नव्हता. तिचा उलगडा पुढे होईल.

बाजाराजवळच्या एका घरात सहाशे रुपयांत दोन खाटांची खोली मिळाली. दुपारी हिरण्यकेशीच्या उगमाकडे गेलो. गुहेतून पाणी येते, पुढे कुंड आहे. या कुंडातच सापडलेल्या एका लहान माशाचे २०२० साली नवी जाती म्हणून वर्णन झाले आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. २०२१ मध्ये शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. गंमत अशी, की येथून आमचा समुद्र सरळ रेषेत अगदी जवळ, पण हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते; आजरा, गडहिंग्लज करीत घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. “तुमच्या वाट्याचा पाऊस आम्ही पितो,” मित्र म्हणाला.

वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. आनूप देशाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही मिळणार नाही. त्या संध्याकाळी चरकाच्या कल्पस्थानावर आमची बरीच चर्चा झाली. औषधे जांगल किंवा साधारण देशातील घ्यावीत. फांद्या आणि पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि क्षीर शरदात, सार हेमंतात घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांचाही भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. आपण हे पाठ केले, उत्तरपत्रिकेत लिहिले. मी मित्राला विचारले, “तुझ्याकडे येणारी साल कोणत्या ऋतूत काढलेली असते?” तो म्हणाला, “मजूर ज्या ऋतूत रिकामे असतील त्या ऋतूत.”

दुसऱ्या दिवशी चौकुळपर्यंत चालत गेलो. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, मध्ये भुरभुर पाऊस, दोन्ही बाजूंना तेरडा आणि सोनकी. गवतातून जाताना जळवा लागल्या. सुश्रुतोक्त सविष-निर्विष परीक्षा करण्याइतका धीर दोघांनाही नव्हता. मीठ लावून त्या सोडवल्या. मीठ अर्थातच शिरोड्याचे.

चौकुळला ओळखीतून एका शेतकऱ्याच्या घरी राहण्याची सोय झाली होती. वय सत्तरीच्या पुढे, गुरे राखण्यात आयुष्य गेलेले. त्यांना आम्ही काका म्हणू लागलो. दुपारी काकींनी उकड्या तांदळाची पेज आणि चवळीची उसळ वाढली. पेया-विलेपीवर व्याख्याने देणाऱ्या मला, पायी चालून आल्यावर गरम पेज पोटात गेल्यावर काय वाटते, हे त्या दिवशी पुन्हा कळले.

जेवणानंतर काकांनी एका पत्र्याच्या डब्यातून वावडिंग काढून दाखवले. नातवंडांना जंतांसाठी गुळातून, तान्ह्यांना दुधात उकळून, असा त्यांच्या घरातील प्रघात. मग ते आम्हाला घरामागच्या रानात घेऊन गेले आणि एका उभ्या, फांद्या पसरलेल्या मोठ्या झुडपाशी थांबले. मी लगेच म्हणालो, “काका, हे विडंग नव्हे. विडंगाची वेल असते.”

काकांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मित्राने डब्यातील चार फळे तळहातावर घेतली आणि भिंग माझ्या हाती दिले. फळे तांबूस, लांबट रेघा असलेली. ग्रंथातील विडंग, म्हणजे एम्बेलिया रायबीस, ही खरोखरच वेल. तिचे फळ लहान, काळपट, खरखरीत आणि टोकाला चोचीसारखा अवशेष असलेले. काकांचे झाड त्याच कुळातील दुसरी जाती, एम्बेलिया त्सेरियम-कोट्टम. बाजारात वावडिंग म्हणून जे येते, त्यात हीच जाती मोठ्या प्रमाणावर असते, कारण खरी वेल सदाहरित रानांत विरळ झाली आहे. “तुझ्या बरणीत काय आहे ते घरी गेल्यावर बघ,” मित्र म्हणाला. (पाहिले. रेघा आहेत.)

त्यापुढचे झाड मला मुळीच ओळखता आले नाही. मध्यम उंची, रुंद पाने, फांदी जराशी खरवडली तर नाकाला झोंबणारा दर्प. काका हसून म्हणाले, “तुमी वैद मां? मगे झाड वळखनास नाय ता कशा? ह्यो नरक्या. आदी रानभर होतो, आता सोदूचो लागता.”

नरक्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्या अभ्यासक्रमात तो नव्हता. परंतु आपल्या सह्याद्रीतील वनस्पतींपैकी आधुनिक वैद्यकाने ज्यांची सर्वाधिक किंमत मोजली, त्यांत याचे नाव वर येते. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. यांतील वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. २०२० साली ते निवर्तले. पुढे १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी हेच द्रव्य नरक्यातही असल्याचे दाखवले आणि चिनी वृक्षाच्या तुलनेत येथे त्याचे प्रमाण चांगले असल्याचे लक्षात आले. या द्रव्यापासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता पावली. त्यानंतर सह्याद्रीच्या रानांत नरक्यावर कुऱ्हाड पडत गेली. खोड आणि मूळ दोन्ही उपयोगी, म्हणून झाड खणूनच काढायचे. काकांनी सांगितले ते असे : परगावची माणसे वजनकाटा घेऊन येत, किलोमागे काही रुपये मोजत, आणि गावातीलच पोरे रात्री लाकूड वाहून देत. किलोला किती रुपये, असे मी विचारले. त्यांनी आकडा सांगितला, पण तो इतका क्षुल्लक होता की वाचकांना खोटा वाटेल. आमच्यासमोरचे झाड हे तोडलेल्या बुंध्याला फुटलेले धुमारे होते. तीन धुमारे, मनगटाएवढे.

काकांनी पोरांना दोष दिला नाही. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांतील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आपण कसतो त्या जमिनीवर आपले नाव नाही, अशा स्थितीत झाड राखावे असे कोणाला वाटणार, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, की शेळ्या-मेंढ्या, गुरे राखणारे आणि वनवासी लोक औषधींना नामरूपाने ओळखतात. त्यांचा योग जाणणारा तो वैद्य. हे वचन आपण बहुधा स्वतःच्या थोरवीसाठी उद्धृत करतो. चौकुळच्या त्या रानात मला त्याचा पहिला अर्धा भाग ऐकू आला. रूप ओळखणारे गुराखी संपले, तर वैद्याने योग कशाचा करायचा? काकांचा मुलगा पुण्याला आहे, नातू सातवीत आहे आणि त्याला, काकांच्याच शब्दांत, गुरे नको आहेत. यात त्या मुलाचे काहीही चुकत नाही.

तिसरा दिवस गेळे आणि कावळेसाद यांच्यात गेला. दरी धुक्याने भरलेली, कठड्यावर पर्यटक, कठड्याखाली बाटल्या. फार वेळ थांबलो नाही. परतीच्या गाडीसाठी दीड तास थांबावे लागले आणि त्या थांब्यावरच अखेर अशोकारिष्टाचा विषय निघाला. तो मीच काढला.

मित्राने रागाचा एक शब्दही काढला नाही. त्याने आपल्या धंद्याचा हिशेब मांडला. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंदवही ठेवावी लागते. तो ती ठेवतो. तीत द्रव्याचे शास्त्रीय नाव, पुरवठादार, तारीख, वजन सर्व असते. पण माल येतो तो भरडलेला, गोणीतून. अशोकारिष्टाला एक तुला, म्हणजे योगसंग्रहातील मानाने ४.८ किलो अशोकत्वक् लागते; वर्षभराच्या पाकांना लागणारी साल काही क्विंटलांत जाते. दशमूळाचे तर विचारूच नका. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, अग्निमंथ हे वृक्ष; यांचे मूळ काढायचे म्हणजे झाड मारायचे. म्हणून बाजारात मुळाच्या नावाखाली खोडाची साल येते, आणि ते सर्वांना ठाऊक असते. लहान निर्मात्याने मूळच हवे असा आग्रह धरला, तर व्यापारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आणि खरोखर मूळच आणून दिले, तर एक डोंगर उघडा पडतो. “तू पत्र लिहून मोकळा झालास,” तो म्हणाला, “मी कोणाला लिहू?”

मग त्याने ती कापडी पिशवी उघडली. आत दोन लिफाफे होते. एकात हल्लीच्या सालीचे तुकडे, दुसऱ्यात माझ्या तक्रारीच्या खेपेचा राखून ठेवलेला नमुना. दोन वर्षे त्याने तो जपून ठेवला होता आणि कोणालाही दाखवला नव्हता, कारण आपण स्वतः तो खात्रीने ओळखू शकू की नाही, याचीच त्याला धास्ती होती. उद्या खऱ्या झाडाशेजारी धरून बघू, असे ठरले.

चौथ्या दिवशी सकाळी दोघेही घाट उतरलो. पायथ्याच्या भागात एका ओढ्याकाठी गावाची देवराई आहे. अशोक तेथे आहे हे एका रुग्णाने मला पूर्वी सांगितले होते. मी कधी गेलो नव्हतो. देवराईतील काटकीसुद्धा उचलायची नाही, अशी गावाची शिस्त असल्याने गावकऱ्यांना विचारून, नुसते पाहण्यासाठी गेलो. ओल्या सावलीत, पाण्याच्या अगदी कडेला चार-पाच झाडे होती. फुलांचा हंगाम नव्हता, पण एका फांदीला कोवळी तांबूस पालवी लोंबत होती. संयुक्त पान, पर्णिकांच्या समोरासमोर जोड्या. आसुपालवाचे लांब, कडेला लाटा असलेले साधे पान ज्याने पाहिले आहे, त्याची जिवंत झाडाच्या बाबतीत गल्लत होणे अशक्य. सालीच्या बाबतीत मात्र गल्लत सोपी. झाडाचे खोड करडे-हिरवट, त्यावर उंचवट्यासारखे गोल वल्करंध्रांचे ठिपके. मित्राने जमिनीवर रुमाल अंथरला, राखून ठेवलेला नमुना त्यावर ओतला आणि मला म्हणाला, “वैद्यबुवा, निवडा.”

सुमारे चाळीस तुकडे होते. मी खोडाकडे पाहत, भिंग लावत दोन ढीग केले. नंतर त्याने प्रत्येक तुकडा मोडून पाहिला. अशोकाची साल मोडताना तंतुमय, फाटल्यासारखी मोडते, वरच्या बुचासारख्या थराखाली सलग पातळ पांढरट पट्टी दिसते, चव कषाय. या कसोटीवर पाहता जवळजवळ निम्मे तुकडे खरे आणि बाकीचे परके निघाले. म्हणजे माझी शंका खरी होती. आणि मी ‘खोट्या’ ढिगात टाकलेल्यांपैकी पाच तुकडे खरे अशोकाचे होते, ‘खऱ्या’ ढिगात तीन परके होते. ज्या अधिकाराने मी ते पत्र लिहिले, तो अधिकार एवढाच होता.

परके तुकडे आसुपालवाचेच होते असेही आम्हाला म्हणता येईना. बाजारात अशोक म्हणून इतरही वृक्षांच्या साली मिसळतात. त्याची खातरजमा प्रयोगशाळेतच होऊ शकते.

तेथे ओढ्याकाठी बसूनच काही व्यवहार ठरले, ते औषधनिर्मात्या बंधूंसाठी नोंदवतो. यापुढे तो भरडलेली साल घेणार नाही. अखंड, निदान वीतभर लांबीचे तुकडे घेईल, महाग पडले तरी. साल शरदातच काढलेली हवी. जी जात नक्की नाही, तिची मागणीच नोंदवायची नाही, आणि त्या मोसमात तो पाक कमी निघाला तर कमी निघू द्यायचा. मी माझी मागणी पुन्हा त्याच्याकडे वळवायची, आणि बाटली दोन रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून वर्षाच्या मध्येच दुसरीकडे जायचे नाही. ही शेवटची अट त्याने घातली. ती अगदी रास्त होती. आपण चिकित्सक मंडळी शुद्ध द्रव्याची अपेक्षा करतो आणि दरपत्रकावर घासाघीसही करतो. अशोकाची काही रोपे माझ्या एका आप्तांच्या सुपारीच्या बागेत, पाटाच्या कडेने लावायची असेही ठरले. आमच्या शिरोड्याच्या खाऱ्या वाळूत त्याचा टिकाव लागणार नाही. सालीला यायला त्यांना बरीच वर्षे लागतील आणि तोवर आम्ही दोघेही निवृत्त झालेलो असू.

कायद्याविषयी एक सूचना. जैवविविधता कायदा २००२ मधील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही अटींतून सूट दिली आहे. तिचा अर्थ राखीव वनात जाऊन मुळे खणण्याची मुभा, असा काहींनी घेतलेला दिसतो. तसा तो नाही. वनकायदे जागच्या जागी आहेत. आम्ही चार दिवसांत काहीही तोडले नाही. काकांनी प्रेमाने बांधून दिलेली वावडिंगाची पुडी एवढाच आमचा संग्रह.

खर्चाचा हिशेब विचारला जाईल म्हणून देतो. आंबोलीतील दोन रात्री बाराशे. चौकुळला काकांनी पैसे घेतले नाहीत, नातवाच्या हातावर पाचशे ठेवले. एसटी आणि जेवणखाण मिळून दोघांचा एकंदर खर्च साडेतीन हजारांच्या आत राहिला. दवाखाना बंद राहिल्याने झालेले नुकसान यात धरलेले नाही. पावसाळा नुकताच सरल्यावर, शनिवार-रविवार टाळून जावे. भिंग, छत्री आणि मीठ सोबत असावे. गावात ओळख काढल्याशिवाय रानात शिरू नये. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे जायफळाच्या रानटी भाईबंदांची दलदलीतील राई आहे, तीही वारसा स्थळ आहे. जायपत्रीत रामपत्री मिसळून येण्याची तक्रार आपण नेहमी करतो, पण त्या कुळाचे रानातील झाड पाहिलेले आपल्यात किती? आमचा पुढचा बेत तिकडचा आहे. जावा त्यानंतर.

दाणोलीच्या रस्त्यावर आम्ही विरुद्ध बाजूंच्या गाड्यांची वाट पाहत उभे राहिलो. त्याची गाडी आधी आली.

पंधरवड्यानंतर त्याचे एक पार्सल आले. अरिष्टाच्या बाटल्या असतील असे वाटले होते. आत सालीचे दहा तुकडे होते, प्रत्येकावर दोऱ्याने बांधलेला क्रमांक, आणि एका चिठ्ठीवर एवढेच : “निवडून कळव.” मी दोन संध्याकाळी भिंग घेऊन बसलो आणि उत्तर पाठवले. सात बरोबर आले. पुढच्या महिन्यात मी त्याला वावडिंग पाठवणार आहे.